दोन ओळी जास्त

गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसायचं, डोक्यावर भुरभुर बर्फ पडू द्यायचा आणि सकाळच्या पेपरातल्या मृत्युलेखांवर बोलायचं. दूर उत्तरेकडच्या रेक्याविक शहरातल्या माणसाला याहून मोठं सुख ठाऊक नाही. कुणी गेलं की घरचे, शेजारचे, बोटीवरचे सोबती असे सगळेच त्याच्यावर लिहून पाठवतात, पेपर ते छापतो आणि सारं गाव ते चवीनं वाचतं.

त्या नोव्हेंबरातल्या सकाळी हालवेग कुंडात उतरली, तर समोरचा लोकरी टोपीवाला तरुण शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होता, “‘त्यांच्या घरी कॉफी नेहमी तयार असायची.’ मी म्हणतो, कॉफी तयार नसलेला एखादा माणूस या देशात मरतच नाही का कधी?”

हालवेगच्या कानशिलांवर लाली चढली.

“तो लेख मी लिहिलाय,” ती म्हणाली. “ओत्तार माझे आजोबा.”

तरुणानं तिच्याकडे पाहिलं आणि टोपीसकट सरळ पाण्याखाली गेला. बऱ्याच वेळानं वर आला, तर ती तिथंच.

“अजून गेली नाहीस?”

“मरतोयस की काय, ते बघत होते. तुझ्यावर लिहायला माझ्याकडे काहीच नाही.”

त्याला हसू आलं. टोपी पिळत तो म्हणाला, “मी केटिल. पेपरातच आहे… मृत्युलेख जागेत बसवायचं काम माझं. तुझ्या लेखातल्या दोन ओळी – म्हणजे – मीच कापल्या.”

“कुठल्या?”

“ते हवामानाच्या तक्त्याआड प्रेमकथा लपवून वाचायचे, त्या.”

“तेवढंच तर खरं होतं रे त्यात!”

“छापून आल्यावर मलाही ते कळलं. म्हणून तर सकाळपासून कॉफीवर राग काढतोय. कापायला हवी होती ती कॉफी.” आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “चुकलंच माझं. भरून कसं देऊ, सांग.”

भरून घेण्याची संधी हालवेग सोडणार थोडीच. “माझ्या आजीवर लिहायचंय. ये रविवारी.”

“आजीसुद्धा गेल्या?”

“छे. तीच घाई करतेय.”

खरी गोष्ट अशी, की स्टेनवर आजीनं नवऱ्यावरचा लेख भिंग लावून वाचला होता आणि म्हणाली होती, “छान आहे गं. पण हा त्याच्यावर नाही.” मग तिनं ठणकावलं, “माझा लेख मी जिवंतपणी वाचणार. चूक निघाली तर मेल्यावर कुठं दुरुस्त करत बसू?” डॉक्टरांनी सांगितलं होतं, वसंतापर्यंत तिला अक्षरं दिसेनाशी होतील. आजीचा नव्वदावा वाढदिवस फेब्रुवारीच्या शेवटी होता, आणि लेख तिला त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचायचा होता. म्हणजे हातात तीन महिने, आणि हालवेगच्या कागदावर – आजी प्रेमळ होती. एवढंच.

केटिल पहिल्या रविवारी आला तो लाल पेन्सिल घेऊनच.

“‘मायेची सावली.’ कुणालाही चालेल,” म्हणून त्यानं काट मारली. “‘हाताला चव होती.’ हेही कुणालाही चालेल.”

“मग तूच लिही ना!”

“माझी आजी आहे का ती?”

भांडत, हसत, चिरडीला येत रविवार सरू लागले. दोघांचे हात एकाच ओळीवर पोचायचे नि कुणीच आधी मागं घ्यायचं नाही. एकदा तो हातमोजा विसरून गेला. पुढच्या वेळी हालवेगनं तो परत दिला, तर दुसरा मुद्दाम विसरला.

“माझी नजर अधू झालीय,” आजी चुलीकडे बघत म्हणाली, “पण एवढीही नाही.”

जानेवारी संपला तरी पान निम्मं कोरंच. हालवेग रडकुंडीला आली होती. शेवटी केटिलनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “आजी, तुम्ही कधी मोठं खोटं बोललात का हो?”

आजी गालात हसली.

“तेरा वर्षांची होते. गावाकडे हिवाळ्यात सगळी माणसं लोकर पिंजायला बसायची आणि मी मोठ्यानं पुस्तक वाचायचे. एका पुस्तकात शेवटी तो बुडून मरतो नि ती वाट बघत म्हातारी होते. मी पान उलटलं, आईकडे पाहिलं… तिचे दोन भाऊ समुद्रात बुडून गेले होते. माझ्याच्यानं वाचवेना. मी वाचलं, तो परत आला. थाटात लग्न झालं. आई हसत झोपायला गेली. गावाला अजून तसंच वाटतं.”

“आणि कुणालाच कळलं नाही?” हालवेगनं विचारलं.

“एकाला कळलं. पलीकडच्या मळ्यावरचा ओत्तार होता तिथं. त्यानं ते पुस्तक चोरून वाचलं होतं. सगळं ऐकलं, चकार शब्द बोलला नाही. जाताना फक्त डोळा मारला.” आजीनं झग्याची बाही डोळ्यांना लावली. “याच्याशीच लग्न करायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.”

हालवेगनं एका बैठकीत लेख लिहिला. केटिलनं एक अक्षरही कापलं नाही. त्यानं तो पेपरातल्यासारखाच जुळवला, ठसठशीत मोठ्या अक्षरांत, एकाच प्रतीत.

वाढदिवसाला घर माणसांनी भरलं. हालवेगला एकच धास्ती… दिसेल ना तिला? आजीनं कागद डोळ्यांजवळ धरला, खिडकीकडे वळली आणि वाचू लागली. सावकाश, पण शब्द न् शब्द. मध्येच थांबून म्हणाली, “तेरा नाही, साडेतेरा. दुरुस्त कर.” पुस्तकाच्या शेवटापाशी तर आजीच्या गावचा एक म्हातारा “अगं लबाडे!” म्हणून उठून उभाच राहिला, आणि हशा पिकला. हालवेगचे डोळे भरून आले. जिंकलो आपण, तिनं मनात म्हटलं.

शेवटची ओळ राहिली होती. आजीनं घसा खाकरला.

“‘स्टेनवर यांच्या पश्चात नात हालवेग,’” ती वाचत गेली, “‘आणि हालवेगचा नवरा केटिल, जो आधी नको तिथं कात्री चालवायचा आणि पुढे शहाणा झाला, असा परिवार आहे.’”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कागदावर ‘नात हालवेग’ नंतर पूर्णविराम होता. आजी सोडून ते खोलीत दोघांनाच ठाऊक.

हालवेगनं भीतभीत केटिलकडे पाहिलं. त्यानं फक्त डोळा मारला.

ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली. “दोन ओळी जास्त झाल्यात,” ती हळूच म्हणाली. “कापायच्या… नाहीत ना?”

“आपल्या दोघांवर लिहायला तुझ्याकडे आहे का काही?”

“आता आहे.”

“मग राहू देत,” केटिल म्हणाला आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरला.