चंदा लोळू नये म्हणून

शिवमची वरात निघायला अर्धा तास होता, आणि घोडी खाली बसली.

आधी तिने पुढच्या पायाने माती उकरली, वळून आपल्याच पोटाकडे पाहिलं... आणि जरीच्या झुलीसकट बसकण मारली. बँड थांबला.

"चंदा! ऊठ बेटा!" लगाम धरलेला घोडीवाला अश्विन कळवळून म्हणाला. अकोल्याच्या जठारपेठेतला हा पोरगा; चंदा त्याचा जीव की प्राण.

माझी भाची आकांक्षा, नवरदेवाची बहीण, पांढरीफटक पडली. घोडीला भिजवलेली चणाडाळ बहिणीने चारायची, असा आमच्याकडे रिवाज. माझ्या भावाच्या वेळी मी ओंजळभर चारली होती. ही पोरगी मोठ्या मनाची.

नांदगाव खंडेश्वरच्या गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टर सबीहा स्कूटीवर आल्या. चंदाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"डाळ किती चारली?"

"एक... घमेलं," आकांक्षा पुटपुटली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून औषध सोडलं. "पोट बांधलंय. लोळू द्यायचं नाही, आतडं पिळलं तर जीव जाईल. हळूहळू फिरवत राहा. दिवस मावळेपर्यंत लीद पडली तर वाचली. नाहीतर अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्यावी लागेल, आणि तेवढा वेळ ती तग धरेल का... सांगता येत नाही."

शिवम जीपमधून मांडवात गेला. त्याच्यामागे सगळे गेले. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी कडुनिंबाखाली खुर्चीवर राहिले. आकांक्षाही राहिली.

"आत्या, मी नाही जात. मीच चारलं ना तिले..."

मग चंदाला उठवून ती आणि अश्विन, दोघं चालू लागली. मध्ये चंदा, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ही. मेंदीचा हात घोडीच्या मानेवर. हिवाळ्याचं कोवळं ऊन, पलीकडे तुरीचं पिवळं शेत.

"काहून रडून राहिल्या तुमी?"

"तुम्ही रागवत काहून नाही मग?"

"कोणावर रागवू? सकाळी टेम्पोतून उतरवली अन् पाणी पाजाचं राह्यलं माह्याकडून. घमेलं तुमचं, कोरडं पोट माहं." तो जरा थांबला. "पण... घमेलंभर? लग्न भावाचं होतं का घोडीचं?"

ती रडता रडता हसली. हसली ती थेट त्याच्याकडे पाहून, आणि मग दोघंही एकदम घोडीचे कान पाहू लागली.

विसावी फेरी झाली, तिसावी झाली. चंदा दोनदा गुडघे मुडपायला गेली. दोन्ही वेळा दोघांनी खांदा लावून तिला उभी ठेवली. भरजरी पदराला घोडीचा फेस लागला. मांडवातून मंगलाष्टकांचे सूर आले... आकांक्षाने ओठ दाबले.

"जा ना तुमी," तो हळूच म्हणाला. "भाऊ एकच हाय."

"चंदाही एकच हाय."

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

सूर्य तुरीत टेकला, आणि चंदाने शेपूट उचलली.

"पडली! लीद पडली!" अश्विन नाचलाच. आकांक्षाने घोडीच्या गळ्याला मिठी मारली. पलीकडून त्यानेही मारली. मानेमागे दोघांचे हात एकमेकांवर पडले... आणि लवकर निघालेच नाहीत.

परत आलेल्या डॉक्टर सबीहांनी पोट ऐकलं आणि मान डोलावली. "झकास वाजतंय."

आकांक्षा मांडवाकडे धावली, आणि चार पावलांवर थबकली.

"राजापेठेत ट्यूशन घेते मी. चंदाला घेऊन या... दाखवायला."

"राजापेठेत? त्या गाड्यांच्या गर्दीत घोडी?"

"मग..." तिने पदर सावरला. "एकटेच या."

तिसऱ्या दिवशी तो आला. चंदा बरी आहे, एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला त्याला दीड तास लागला.