हातांवरचा उजेड

दादा नट आणि मी त्याचा दिवेवाला. त्याची सगळी नाटकं मी प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीतून पाहत आलो.

या वेळी त्याने एकट्यानेच एक प्राचीन ग्रीक युद्धकथा उभी करायला घेतली होती. राजे, सैनिक, आक्रोश करणाऱ्या बायका, सगळं तोच. "दुसरा नट घेतला की त्याच्याशी बोलावं लागतं," म्हणायचा. मुलगा गेल्यापासून तो कुणाशी फारसा बोलतच नसे. चिमण जहाजावर इंजिनिअर होता. वादळात समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. वहिनी बहिणीकडे राहायला गेली. दादाच्या जेवणाच्या टेबलाशी एकच खुर्ची उरली. बाकीच्या त्याने तालमीला हव्यात म्हणून नाट्यगृहात आणून टाकल्या. तालमीत त्या कधी लागल्या नाहीत.

शेवटच्या प्रवेशात म्हातारा राजा शत्रूच्या तंबूत जातो. ज्या हातांनी मुलाला मारलं, त्याच हातांवर ओठ टेकवून मुलाचं प्रेत मागतो. मग ते दोन्ही हातांवर घेऊन रंगमंच ओलांडतो. दादाच्या हातांवर अर्थात काहीच नसायचं.

"दादा, हात फार हलके दिसतायत," मी एकदा ओरडून सांगितलं. "इस्त्रीचे कपडे आणायला निघाल्यासारखा चालतोस."

तो थांबला. "जड कसा लागतो ते मला कुठे ठाऊक? माझ्या हातात तो आलाच नाही."

मी पुन्हा सूचना केली नाही.

काही दिवसांनी मंचाच्या फळ्या करकरू लागल्या. एरवी नाही, फक्त त्या चालण्याच्या वेळी. जुनं लाकूड, दमट हवा, मी स्वतःची समजूत घातली. मग उजेडाकडे लक्ष गेलं. त्या चालण्यासाठी मी सरळ वरून दिवे सोडले होते. त्याच्या हातांमधून उजेड खाली जमिनीवर पडायचा. आता तिथे लांबट अंधार होता. मी शिडी लावली, काचा पुसल्या, बल्ब बदलले.

अंधार हलला नाही.

दादा विंगेत दंड चोळत बसला होता. बाह्या ओल्या होत्या.

"घाम?" मी विचारलं.

"असेल." कितीतरी दिवसांनी तो हसला. "पण आता जमायला लागलंय, नाही?"

पहिला प्रयोग दुपारचा होता. राजाने प्रेत मागितलं. दादाने हात पसरले, आणि एकदम गुडघ्यांत वाकला. सावरला. विंगेत जायचं ठरलं होतं. तो पायऱ्या उतरून प्रेक्षकांत आला. मधल्या वाटेने चालू लागला. कडेला बसलेली माणसं एकेक करून मान बाजूला घेत होती, काहीतरी चाटून जाईल अशी.

मी खोली सोडून धावलो. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दादा माझ्या गाडीशी उभा होता, हात तसेच पसरलेले.

"दार उघड."

मी मागचं दार उघडलं. तो वाकला, हात सीटवर टेकवले आणि अलगद काढून घेतले. गाडी मागून खाली बसली.

"दादा..."

"घरी चल."

मी दार लोटलं. लागेना. पुन्हा लोटलं.

"अरे, पाय," दादा हळूच म्हणाला. "पाय आत घे त्याचे."

मी वाकलो. घेतले.

दार लागलं.