पाखाडीच्या तळ्याची हद्द

जयवंत सामंत मोजणी खात्यातला सरळ माणूस. सरळ म्हणजे इतका, की त्याचे साहेबही त्याला वैतागायचे. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात त्याला मरोळच्या मागचं पाखाडीचं तळं मोजायला धाडलं. काम साधं होतं. तळ्याची पाणथळ जमीन कुठे संपते ते ठरवायचं, खुंट्या ठोकायच्या, नकाशा करायचा. खुंट्यांच्या आत येईल ते तळ्याचं, आणि तिथलं घर पावसाआधी हलवायचं.

आता पाणी दिसतं तिथवर तळं, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. तसं नसतं हो. पहारीनं हातभर खड्डा खणायचा आणि तळची माती मुठीत दाबायची. बोटांतून पाणी निथळलं की ती जागा तळ्याची, मग वर लव्हाळा असो नाहीतर कोणाची चूल.

दोन दिवस जयवंत आणि त्याचा साखळीवाला धोंडू काठाकाठानं खणत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी कॉन्सेप्टाबाईचं घर लागलं. काठावरचं ते एकुलतं एक घर. बाई साठीची, आणि आत खाटेवर तिचा नवरा अर्बन, तीन वर्षं लकव्यानं पडून. जयवंतनं अंगणात खणलं, ओलं. घरामागे खणलं, तिथे तर मुठीतून धारच लागली.

कॉन्सेप्टाबाई दारातून बघत होती. "साहेब, याला कुठं नेऊ मी?" ती म्हणाली. "खाटेवरून उचलला तरी जीव घाबरा होतो त्याचा. तुमची खुंटी जरा पाण्याकडं सरकवा. कोण बघाया येतंय?"

आतून अर्बननं डोळे वळवले. तेवढंच त्याला जमायचं. बावीस वर्षांत एकही खोटी खुंटी न ठोकलेल्या जयवंतचं काळीज तिथे पाघळलं, झालं. तो घराच्या पुढे गेला, ऐन पाण्याजवळ खुंटी ठोकली आणि वहीत लिहिलं, कोरडी जमीन.

मग साखळी. तिचा एक रिवाज असतो. पुढचा माणूस टोक घेऊन जातो, साखळी ताणतो आणि 'झाला' म्हणून हाळी देतो. हाळी आल्याशिवाय मागच्यानं आकडा लिहायचा नाही. धोंडू टोक घेऊन पुरुषभर उंच लव्हाळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. मागच्या बाजूला कारखान्याचा भोंगा वाजून गेला. मग कुठलाच आवाज उरला नाही, कुजक्या शेवाळाचा वास मात्र दाटत गेला. जयवंत खुंटीजवळ उकिडवा बसून वाट बघत राहिला.

साखळी ताणली गेली.

"झाला..." लव्हाळ्यातून आवाज आला. दमलेला, ओलसर.

जयवंतनं आकडा लिहिला. "सोड रे आता."

साखळी सुटेना. उलट असा हिसका बसला, की त्याचे पाय चिखलात वीतभर घसरले. "धोंडू, मस्करी पुरे."

"काय झाला, साहेब?"

धोंडू त्याच्या मागे उभा होता, घराकडून आलेला, हातात पाण्याचा तांब्या. "टोक थंय झुडपाक अडकवन मी पाणी पिऊक गेल्लंय."

"मग... हाळी कोणी दिली?"

जयवंतच्या मुठीतून साखळी सुटली आणि हळूहळू, कडीमागून कडी, सगळी तीस मीटर पाण्यात गेली.

"साहेब, ती खुंटी काढा," धोंडू हलक्या आवाजात म्हणाला. "हंय खोटा चलाचा नाय."

"काढली तर तो माणूस मरेल रे," जयवंत म्हणाला. खुंटी त्यानं काढली नाही. दुसऱ्या दिवशी नकाशा वर पाठवला, त्यावर शिक्काही बसला.

आठ दिवसांनी तो घर वाचल्याचं सांगायला गेला. उन्हानं अंगण तडकलं होतं. आत कॉन्सेप्टाबाई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, एकटीच.

"परवा गेला," ती म्हणाली. "डाक्टर म्हणाला छातीत पाणी भरलं, बुडालेल्या माणसासारखं. अंथरूण तर कोरडं ठणठणीत होतं, साहेब."

तिनं भिंतीकडे बोट केलं. चुन्यावर बोटभर जाडीची ओली रेघ होती, चारी भिंतींवरून फिरलेली. खाटेच्या बरोबर उंचीवर.

"बाई, तुम्ही इथं राहू नका. आत्ता निघा."

"निघालेले ना. पोरीकडं मुलुंडला गेले, तर रात्रीत तिच्या भिंतीवर बी ही रेघ आली... तिथं नातू हाय माझा. म्हणून परत आले." तिनं त्याचा हात धरला. "हे घर तळ्याचं हाय म्हणून लिवा. तुमच्या पाया पडते. खरी रेघ ओढा, साहेब."

शिक्का बसलेला नकाशा पाऊस संपल्याशिवाय कोणी उघडणारसुद्धा नव्हतं. हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"बदलतो," जयवंत म्हणाला. "उद्याच बदलतो."

तिच्या डोळ्यांत बघवेना म्हणून त्यानं नजर भिंतीवर नेली. रेघ आता खाटेच्या उंचीवर नव्हती. बसलेल्या कॉन्सेप्टाबाईच्या गळ्याशी आली होती. ती काहीतरी बोलायला गेली, आणि तिला ठसका लागला.