‘येतो’चा अर्थ

कराडात हाकेची गाडी येऊन वर्ष होत आलं होतं. हाक मनातल्या मनात मारली तरी ती दारात यायची, जमिनीला टेकायची आणि चाकाची खुर्ची अलगद आत घ्यायची. जिथं उतरायचं तिथली अपंगांसाठीची पार्किंगची जागाही ती आधीच राखून ठेवायची. पूर्वी लोक त्या जागेत खुशाल बुलेट लावून वडापाव खायला जात. कुंदा शिराळकर आणि तात्या माळवदे यांनी अशा बुलेटवाल्यांशी वीस वर्षं भांडणं केली, तीही पाटीवर लिहून. कुंदाला जन्मापासून वाचा नव्हती आणि पायांत बळ नव्हतं. तात्या निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेत गेलेला. आपण दोघं मिळून एक अख्खा भांडखोर माणूस होतो, असं तात्या लिहायचे.

आता दोघांच्या गळ्याला कंठपट्टी होती. आपण एखादा शब्द नुसता मनात बोललो, तरी मेंदू गळ्याच्या स्नायूंना त्याचे बारीक हुकूम धाडतोच. ते हुकूम पकडून पट्टी बोलायची आणि तिचं बोलणं गाडीलाही कळायचं.

घोळ झाला तो एका शब्दाने. आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ते अभद्र वाटतं. माणूस चपला घालतो आणि ‘येतो’ म्हणतो. गाडी बिचारी शब्दाला धरून चालणारी. कुणी येतंय म्हटल्यावर ती तिथंच जागा अडवून बसायची आणि हलायचं नाव घ्यायची नाही. तात्यांच्या दारात कुंदाने एकदा वैतागून पुन्हा पुन्हा ‘येते’ म्हटलं, तर गाडीने अख्ख्या गल्लीतलं पार्किंग राखून ठेवलं.

तक्रारी वाढल्या. घोळ मिटला नाही तर दिवाळीनंतर गाड्या बंद, असं वाहतूक मंडळाने बजावलं. कुंदा तडक कंठपट्टी घडवणाऱ्या डॉ. शमीम मुजावरकडे गेली.

“कुंदामावशी, सोपा उपाय म्हणजे सगळ्यांनी ‘जातो’ म्हणायचं.”

“माझी आई स्वर्गातून खाली उतरून माझे कान उपटेल,” कुंदाची पट्टी म्हणाली. “शब्द सोड की, शमीम. मनातलं ऐकायला शिकव तिला.”

शमीमने तिच्या कानामागे बोट टेकवून पाहिलं. “तसं जमेल. माणूस येतोय की निघालाय, निघाला तर परत यायचंय की नाही, हे मेंदूत ठरलेलं असतं आणि त्याची खूण वेगळी उमटते. कानामागे एक मणी लावला की ती वाचता येईल. पण मग पट्टी तुमच्या शब्दांवर नाही, हेतूवर बोलेल. चालेल?”

“चालेल काय, धावेल.”

पट्टीवाल्या सगळ्यांच्या कानामागे मणी बसले, कुंदाच्या आणि तात्यांच्याही, आणि खरंच धावलं. गाड्या वेळेवर सुटू लागल्या, मंडळ गप्प झालं, कुंदा ऐटीत गावभर हिंडू लागली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तात्या चहाला आले. चहात आलं कमी पडलंय म्हणाले, कुंदाच्या खुर्चीच्या ब्रेकवरून तिला चिडवून झालं, मग काठी टेकत उठले. दारात थांबून नेहमीसारखे हसले.

“जातो,” त्यांची पट्टी म्हणाली.

तात्यांचा हात गळ्याकडे गेला. ओठ स्पष्ट हलले, ‘येतो’ असेच हलले.

“जातो,” पट्टी पुन्हा म्हणाली. “मुलाकडे नागपूरला. कायमचा. तुला सांगणार नव्हतो. तू रडतेस.”

तात्या ओशाळून खाली बघू लागले. कुंदाचा फार जीव होता या माणसावर. त्यांना तिला सुखाने फसवून जायचं होतं आणि तिनेच मागून घेतलेल्या मण्याने ते होऊ दिलं नाही. शेजारच्या काकू, बुलेटवाले, खुद्द शमीम, सगळे मनात काहीही असलं तरी तोंडाने ‘येतो’ म्हणू शकत होते. वीस वर्षं या दोघांनी इतरांसारखा रस्ता मागितला, इतरांसारखा आवाज मागितला. इतरांसारखं गोड खोटं बोलायची मुभा मागायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

म्हाताऱ्याला हसत निरोप द्यायचा, असं तिने ठरवलं. डोळे पुसले, हात जोडले आणि दारातल्या माणसाला म्हणायचा तो एवढासा शब्द मनात नीट उच्चारला, ‘या.’

“जाऊ नका,” पट्टी म्हणाली.