तीस मीटरच्या आत

"वैदेहीला सांगायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, सेन्सर बिघडलाय."

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा वैदेही लायडनच्या त्या घरात जिन्याच्या मधल्या पायरीवर होती. हातात वाळलेल्या कपड्यांची टोपली. डच जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच, त्यावर थबकायचं तर जीव मुठीत धरावा लागतो. ती थबकली. खाली स्वयंपाकघरात सासूबाई हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि ऐकणारा निहार होता, तिचा चार महिन्यांचा नवरा.

"अगं आई, तिला दिसत नसेल का? रोज तिथेच तर चहा करते ती."

"दिसू दे. दिसणं वेगळं, सांगणं वेगळं."

वैदेही दोन पायऱ्या वर गेली आणि मग पाय वाजवत खाली आली. नव्या सुनेला एवढं जमावंच लागतं. चहा झाला, बिस्किटं झाली. 

ब्रेडच्या डब्यावर, भिंतीला, तळहाताएवढा एक करडा पडदा टांगलेला होता. त्यावर तापमानाचे दोन आकडे. 'आत' आणि 'बाहेर'. आतला आकडा शहाण्यासारखा वागायचा, हीटर लावला की चढायचा. बाहेरचा मात्र ती आली त्या दिवसापासून एकच होता. शून्य पूर्णांक शून्य. डिसेंबरात तिला ते खरंच वाटलं होतं. आता मार्च संपत आला होता, कालव्याच्या काठी पिवळी फुलं आली होती, आणि पडदा म्हणत होता, बाहेर शून्य.

बिघडलं असेल तर माणसं फेकून देतात. इथे सासूबाई दर सकाळी चहाच्या आधी त्या पडद्यापुढे उभ्या राहायच्या, देवापुढे राहावं तशा. सासरे, मनोहरराव, तिकडे पाठ करून बसायचे. गेल्याच आठवड्यात दोघं पुण्याहून आले होते, तीन महिन्यांसाठी. पहिल्याच सकाळी सासूबाई पडद्याकडे बघून पुटपुटल्या होत्या, "गारच आहे अजून..."

ते यंत्र सौमित्रचं होतं. निहारचा थोरला भाऊ, तिचे मोठे दीर. तिने त्यांना फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं. एका छोट्या हवामान कंपनीत ते आल्प्सच्या स्कीइंगच्या गावांसाठी अंदाज लिहायचे. जिथे साधी टेकडी नाही अशा सपाट देशात बसून डोंगरांवरच्या बर्फाचं भविष्य सांगायचे. गेल्या वर्षी आईबाबांना पहिल्यांदा बर्फ दाखवायला ऑस्ट्रियात घेऊन गेले, आणि एक अख्खा उतार खाली आला. आईबाबा वाचले. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकावं म्हणतात, तसं मग निहारचं लग्न उरकलं.

त्या लग्नातच, वरणभाताच्या पंगतीत, मोरेश्वरकाका शेजारच्याला म्हणाले होते, "जगाचं हवामान सांगायचा हो. स्वतःचं तेवढं चुकलं." वाढणारासुद्धा हसला होता. मनोहरराव तिथेच बसले होते. ते म्हणाले, "हो, चुकला बिचारा अंदाज," आणि मठ्ठा मागितला.

संध्याकाळी निहार मागच्या शेडमध्ये सायकलच्या साखळीला तेल देत होता. ती दारात उभी राहिली.

"त्या पडद्याचा सेन्सर कुठेय, निहार?"

त्याने तेलाची बाटली खाली ठेवली.

"दादाच्या खिशात होता," तो म्हणाला. "काड्यापेटीएवढा असतो. रात्री बाल्कनीत ठेवायचा, सकाळी खिशात टाकायचा. तो म्हणायचा, वसंतात बर्फ पडतंय का, हा प्रश्नच नसतो. रात्री ते गोठलं का, एवढंच बघायचं. आकाश मोकळं असलं तर रात्री उतार दगडासारखा घट्ट होतो. ढग असले की गोठतच नाही. मग उन्हं चढली की दहीभात. सगळंच्या सगळं घसरतं."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी सापडला दादा. जॅकेटच्या खिशाची चेन बंद होती." त्याने चिंधीला हात पुसले, पुसतच राहिला. "खिसा रिकामा होता. पडदा त्याच्या बॅगेत होता, मी तो इथे आणून लावला. उगाच. तर लगेच आकडा आला..."

"शून्य."

"वसंतातल्या बर्फाच्या पोटात शून्यच असतं, वैदेही. दिवसरात्र. उन्हाळाभरसुद्धा हलला नाही तो आकडा. आणि ते यंत्र कुठून कुठवर ऐकतं, ते खोक्यावर लिहिलंय. माळ्यावर आहे खोकं. मी पुन्हा नाही बघितलं."

गुरुवारी पाडवा होता. तिचा लग्नानंतरचा पहिला. येताना तिच्या आईने साखरेची गाठी बांधून दिली होती. ती घेऊन वैदेहीने सकाळी विचारलं, "आई, गुढीला काठी कुठली घेऊ?"

सासूबाईंच्या हातातली वाटी ओट्यावर आपटली.

"आपल्याकडे उभारत नाहीत गुढी," मनोहरराव पेपरमागून म्हणाले.

"कधीपासून, बाबा?"

पेपर खाली आला नाही. "यंदापासून."

मग तिला उगाचच माळ्यावर काम निघालं.

माळ्यावर तिरक्या छपराच्या काचेतून दुधी उजेड येत होता. बाहेर धुकं होतं. वास मात्र धुक्याचा नव्हता. ओल्या लोकरीचा होता, आणि त्याच्याही खाली काहीतरी गार, कोरं, फ्रीजरचं दार उघडल्यावर येतं तसं. खोकं समोरच होतं. त्यावर चित्र होतं, एक घर, घरात पडदा, बाहेर सेन्सर, मधे एक बाण. बाणावर लिहिलं होतं, तीस मीटर.

वैदेहीने ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरापासून मनातल्या मनात पावलं टाकली. तीस मीटरमध्ये बाग येते, सायकलींची शेड येते, कालव्याचं पाणी येतं. माळाही येतो. छप्पर कुठेतरी करकरलं. ती मागे वळली नाही. मागे वळण्यासारखं काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं, आणि म्हणूनच वळली नाही.

खोक्यात भाऊजींच्या सामानातली एक वही होती. बारीक, सरळ अक्षर. शेवटचं पान मागच्या पाडव्याचं, नऊ एप्रिल.

'पहाटे साडेपाच. रात्रभर ढग. बाल्कनीत +१.२. गोठलेलं नाही. आठला निघायचं, अकराच्या आत खाली. आईबाबांना सांगितलंय.'

पानात एक फोटो खोचलेला होता, नंतर कुणीतरी छापून ठेवलेला. लाकडी बाल्कनी, मागे पांढरा डोंगर, आणि रेलिंगला बांधलेली गुढी. स्कीच्या काठीला गुंडाळलेलं जरीचं कापड, वर तांब्या, गाठी. सासूबाई हात जोडून. बाजूला सौमित्र, जॅकेट घालून, बूट चढवून, निघायला तयार. तो गुढीकडे बघत नव्हता. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकडे होते. ११:२०.

वैदेही त्या आकड्यांकडे किती वेळ बघत बसली कोण जाणे. आठला निघायचं होतं. पण सण होता. पुरण शिजायचं होतं, परक्या शेगडीवर. नैवेद्य व्हायचा होता. आणि आईला 'पुरे' कोण म्हणणार? तो तर मुळीच नाही. त्याने फक्त घड्याळ बघितलं असेल. पुन्हा पुन्हा.

वर्षभर मग सगळे म्हणत राहिले, अंदाज चुकला. बाबा म्हणत राहिले. बायकोच्या उशिराचं ओझं उचलवेना, म्हणून त्यांनी ते मेलेल्या मुलाच्या खांद्यावर ठेवलं होतं.

ती खाली आली तेव्हा तिघं जेवायला बसली होती. निहारने रजा घेतली होती. सणाचं काही नव्हतं, साधी खिचडी. तिने वही उघडी करून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि त्यावर फोटो. मग आपली खुर्ची ओढून बसली.

कुणी हात लावला नाही. निहारने वाकून वाचलं, फोटोतले आकडे वाचले आणि आईकडे बघितलं. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"अहो..." त्या म्हणाल्या. "अहो, बघा ना..."

पडद्यावर बाहेरचा आकडा ०.४ झाला होता.

मग १.२. तिथे थोडा थांबला, ओळखीच्या दारात थांबावं तसा. मग ५. मग ११. खिडकीबाहेर धुकं जागच्या जागी होतं. ओल्या लोकरीचा वास आता जिन्यावरून खाली उतरला होता, एकेक पायरी.

"बिघडलंय ते," मनोहरराव म्हणाले. 

१९.४. आत आणि बाहेर, दोन्ही आकडे सारखे.

"आत आला..." सासूबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "माझा सोन्या आत आला हो... मीच म्हटलं त्याला, नैवेद्य दाखवते आणि निघू, पाचच मिनिटं... तो म्हणाला, 'बरं, आई.' एवढंच म्हणाला..."

"सरला, गप्प बस," मनोहरराव म्हणाले.

"वर्षभर गप्पच आहे ना मी..."

आकडा थांबला नाही. २४. २९. हीटर बंद होता. ३३.१ ला येऊन तो स्थिर झाला. काड्यापेटीएवढी वस्तू कुणी मुठीत घट्ट धरून ठेवली, तर ती साधारण एवढीच तापते, असं वैदेहीला वाटलं, आणि वाटल्यावर तिने टेबलावरचे हात मोजले. बाबांचे दोन, आईंचे दोन, निहारचे दोन, तिचे दोन. आठही हात उघडे होते.

पाचवी खुर्ची भिंतीशी होती. तिकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे जण कशाची तरी वाट बघत होते, आणि वर्षभर तेच करत होते, हे तिला कळलं. चार महिन्यांत ती या घरात कामापुरतं बोलली होती. तिने घसा साफ केला. सासऱ्यांकडे नाही, सासूबाईंकडे नाही, त्या खुर्चीकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"भाऊजींचा अंदाज बरोबर होता. उशीर आपल्याला झाला."