दुबई ते साओ पावलो, उरलेले दोन तास दहा मिनिटं

रत्नागिरीत एस.टी. स्टँडासमोर माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. बोटीवर जाणाऱ्या पोरांची तिकिटं मीच काढतो. कुठून कुठे किती किलोमीटर, किती तास, झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. दुबई ते साओ पावलो बारा हजार दोनशे किलोमीटर, पंधरा तास. माझा धाकटा भाऊ सुजय बोट पकडायला त्याच विमानाने गेला. चौतीस ए, खिडकीची सीट मीच निवडून दिली.

गेलेला माणूस पोचल्याचा फोन आल्याशिवाय आमच्याकडे केर काढत नाहीत. आई तर जेवतही नाही. ती इन्सुलिनवर आहे. त्या दिवशी दुपारचा सव्वा वाजला तरी उपाशी, हात थरथरायला लागलेले. मोबाईलवर विमान अजून समुद्रावर दिसत होतं, उरलेला वेळ दोन तास दहा मिनिटं. मला रागच आला. विमान काय केरसुणीवर चालतं?

"पोचला गो आई," मी म्हटलं. "आत्ताच मेसेज आला."

आईचा चेहरा फुलला. हिरांचा झाडू घेऊन तिने ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत केर काढला, आणि मग जेवली.

विमान साडेतीनला उतरलं. सगळे प्रवासी उतरले, असं विमान कंपनीने सांगितलं. पण बाहेर पाटी धरून उभ्या असलेल्या बोटीच्या एजंटाला सुजय भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता त्याचाच फोन आला. अजून विमानातच आहे म्हणाला. समोरच्या स्क्रीनवर दोन तास दहा मिनिटं दाखवतंय, बाहेर उजाडायचं नाव नाही. मी काही विचारेपर्यंत फोन कटला. मी विमान कंपनीला विचारलं. ते विमान कधीच दुबईला परत आलं होतं.

तेव्हापासून रोज सव्वा वाजता फोन येतो. त्याच वेळी घरात आईचा केर चालू असतो. आठव्या दिवशी सुजय म्हणाला, मागून कुणीतरी केर काढत पुढे येतंय, आवाज हिरांच्या झाडूचा आहे. पंचेचाळिसावी रांग. मग एक्केचाळीस. काल पस्तीस. झाडून झालेल्या रांगांत आता कुणी बसलेलं दिसत नाही म्हणे.

एवढं कळतं तर आईला थांबव की, असं तुम्ही म्हणाल. थांबवायचं तर तो पोचलाच नाही हे सांगायला हवं. तिला धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. बोटीवर रेंज नाही, असं सांगून मी दिवस ढकलतोय.

आज मात्र मी तिच्या वाटेत उभा राहिलो.

"आई, आज केर नको काढू."

"का रे? पोचलाय ना तो?"

मला सगळं सांगून टाकायचं होतं.

"होय," मी म्हटलं.

ती आत गेली. झाडू सुरू झाला. फोन वाजला.

"दादा," सुजय अगदी हळू म्हणाला, "ती म्हणतेय, पाय वर घे."

आतला झाडू थांबला. मी दारातून बघितलं. सुजयच्या रिकाम्या खुर्चीपुढे आई वाकून, झाडू हातात धरून, थांबली होती.