दुसरं टोक

कापड कितीही महागाचं असलं तरी लांब कापडाची घडी एकटीला घालता येत नाही. घालायला गेलं की एक टोक जमिनीला लागतं आणि मधे पोट सुटतं. त्याला दोन माणसं लागतात. शिवणाच्या धंद्यात जन्म काढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

तिला गल्लीत सगळे कात्रीबाई म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. शाळेत ती नावापुरतीच गेलेली, पण दारातून माणूस आत आला की त्याच्या खांद्याचं माप नजरेनंच घ्यायची आणि त्याच नजरेत त्याची लायकीही मोजून टाकायची. समोरच्या बाजूला इस्त्रीवालीचं दुकान. कात्रीबाईनं शिवायचं, इस्त्रीवालीनं कडक करून द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. सकाळी ऊन रस्त्यावर आलं की दोघी पडद्यांच्या, चादरींच्या घड्या घालायला दाराबाहेर उभ्या राहत. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या.

इस्त्रीवालीची एक खोड होती. घडी घालण्याआधी ती कापडाला दोन हिसके द्यायची. एक लहान, दुसरा त्याहून लहान.

"दमानं गं," कात्रीबाई म्हणायची, "शिवण उसवशील माझी."

मग इस्त्रीवाली आपली टोकं घेऊन चालत यायची आणि कात्रीबाईच्या बोटांत द्यायची. चालत यायची ती नेहमी तीच. कात्रीबाई जागची हलत नसे. "एकदा तरी तू ये की पुढं," इस्त्रीवाली हसून म्हणायची. "पाय झिजतील का तुझे?" त्यावर कात्रीबाईचं उत्तर ठरलेलं असे, की जग माझ्याकडे मापं द्यायला चालत येतं, मी कोणाकडे जात नाही.

दोघींचे देव वेगळे होते. इस्त्रीवालीच्या लोकांचं प्रार्थनाघर गल्लीच्या टोकाला होतं. त्याचे पडदे कात्रीबाईनंच शिवलेले, पण ते पोचवायला गेली तेव्हाही ती पायरीपाशीच थांबली होती. दरवर्षी इस्त्रीवाली आपल्या मोठ्या दिवशी बोलावणं करायची आणि दरवर्षी कात्रीबाई सांगायची, "तुझ्या देवाला म्हणावं माप पाठव, शिवून देते. भेटायचं काय अडलंय?"

गेल्या थंडीत इस्त्रीवाली गेली. तिला नेताना कात्रीबाई आपल्या दुकानाच्या दारात उभी होती. उंबऱ्याच्या आत.

त्यानंतर एका दुपारी सुईत दोरा ओवता ओवता नातीनं सांगितलं की तिला इस्त्रीवालीच्या नातवाशी लग्न करायचंय, आणि त्यांच्या रीतीनं करायचंय. ही पोर आई-बापावेगळी. मशीनच्या टकटकीत पाळण्यातली झोप झालेली आणि आता हातशिलाईत आजीच्याही पुढे गेलेली. कात्रीबाईला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. असं ती बोलून दाखवायची नाही, पण रात्री दुकान बंद करताना पोरीची चप्पल दाराशी दिसली की मगच ती कडी लावायची.

कात्रीबाईनं आकांडतांडव केलं नाही. ती एवढंच म्हणाली की मुलगा बरा आहे, पण त्याच्या शर्टाची कॉलर नेहमी एका बाजूला का पडते ते विचार त्याला.

मुलाची आई रीत समजावून सांगायला आली. बाई गरीब स्वभावाची. कात्रीबाईसमोर बसल्यावर तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकून बसले. तिनं सांगितलं ते असं. मुलगी प्रार्थनाघरात खाली बसते. तिच्यावर एक पांढरं लांब कापड धरतात. एक टोक मुलीकडच्या सगळ्यात वडील बाईच्या हातात, दुसरं मुलाकडच्या. पाठ चालू असेपर्यंत दोघींनी धरून ठेवायचं. शेवटी सगळे डोळे मिटून गप्प बसतात, तेव्हा मुलीकडच्या बाईनं आपलं टोक सोडायचं. सुटलं की मुलगी त्यांची झाली. कोणी सोड म्हणत नाही, कोणी बघतही नाही.

"आणि नाही सोडलं तर?" कात्रीबाईनं विचारलं.

तर काही नाही, मुलाची आई म्हणाली. सगळे उठून घरी जातात. कोणी वाईट बोलत नाही.

"तुमच्याकडचं टोक कोण धरणार? तुमच्या सासूबाई तर गेल्या."

"त्यांची खुर्ची ठेवतो, आजी. खुर्चीवर टोक ठेवायचं आणि वरून काहीतरी जड. आम्ही त्यांची इस्त्रीच ठेवणार आहोत."

कात्रीबाईच्या मनात तेव्हाच ठरलं. थंड इस्त्री काही कापड ओढत नाही. आपण टोक सोडायचं नाही, बस. भांडण नाही, तंटा नाही.

नातीनं मात्र तिचा चेहरा वाचला. लग्नाच्या आदल्या दिवशी पोर आजीच्या पाठीला पाठ लावून काज करत बसली होती. तशीच बसून म्हणाली, "आजी, तू नाही सोडलंस तर मी उठून तुझ्याबरोबर घरी येईन. रागावणार नाही. पण मग पुन्हा कोणाच्या कापडाखाली बसणारही नाही."

कात्रीबाईनं दोरा दातानं तोडला.

प्रार्थनाघरात ती पहिल्यांदाच पायरी ओलांडून शिरली. डोक्यावरून पदर घ्या म्हणाले, घेतला. चपला बाहेर काढा म्हणाले, काढल्या, पण भिंतीकडे तोंड करून नीट जोडून ठेवल्या. आपल्या चपला दुसऱ्याच्या गर्दीत मिसळलेल्या तिला खपत नसत. आत फरशी गार होती. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरकं उतरत होतं. तिचे स्वतःचे पडदे तिथं लटकत होते आणि तिनं सवयीनं त्यांचा काठ तपासला. एका पडद्याची दुमड खालून सैल झालेली. घरी आणून द्यायला सांगावी, असं तिच्या मनात आलं.

पाठ सांगणारे गृहस्थ म्हातारे होते, आवाज कापसासारखा. भाषा तिला एका शब्दानंही कळत नव्हती. सगळे त्यांच्यामागून म्हणत होते आणि तो आवाज खोलीत पाण्यासारखा हळूहळू वर चढत होता, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. कात्रीबाईला वाटलं, आपण उभ्या जागी थोडं तरंगतोय. उपाशीपोटी आल्यामुळे असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

नात मधोमध फरशीवर बसली होती. तिच्या डोक्यावरून कापड गेलेलं. अलीकडची दोन टोकं कात्रीबाईच्या मुठींत. पलीकडे लाकडी खुर्ची, तिच्या बैठकीवर कापडाचा काठ आणि त्यावर ती काळी, जड इस्त्री. तिच्या मुठीची लाकडी दांडी हातानं घासून गुळगुळीत झालेली. कापड मधे सैल होतं, पोरीच्या केसांवर टेकलं होतं. चांगलं सुती होतं, आडवा धागा सरळ. यात खोट काढायला जागा नव्हती, याचा तिला थोडा रागच आला.

मग पाठ थांबला. सगळ्यांनी डोळे मिटले.

कात्रीबाईनं मिटले नाहीत. ती कोणासाठी डोळे मिटत नसे.

मुठी तिनं आणखी आवळल्या. खोलीत श्वासांचा आवाज होता, बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली, आणि खिडकीतलं ऊन जरासं सरकलं. तेवढ्यात तिच्या बोटांना कळलं.

कापड ताणलं जात होतं.

वजनानं पडलेला ताण वेगळा आणि हातानं दिलेला वेगळा. आयुष्यभर कापड ओढलेल्या बोटांना हा फरक डोळ्यांआधी कळतो. हा हाताचा होता. कापड पोरीच्या केसांवरून हळूच उचललं गेलं, मधलं पोट नाहीसं झालं आणि ते सरळ झालं, दोरीवर वाळत घातल्यासारखं.

इस्त्री जागच्या जागी होती. खुर्ची रिकामी होती.

एक हिसका आला. लहान.

मग दुसरा. त्याहून लहान.

कात्रीबाईच्या तोंडून आपोआप निघालं, अगदी हळू, "दमानं गं."

ताण थोडा सैलावला, लगेच ऐकल्यासारखा. ओल्या कापडावर गरम लोखंड फिरलं की येतो तो वास आला. आणि पलीकडचं टोक थांबून राहिलं. चालत येईना. वर धरलेलं, नीट, दोन्ही कोपरे एका उंचीवर. वाट बघत.

कात्रीबाई उभी होती. तिच्यासमोर पोरीचं डोकं खाली वाकलेलं, मानेवरचा लहानपणचा तीळ दिसत होता. त्या डोक्याला काहीच कळलेलं नव्हतं.

जागच्या जागी उभं राहिलं की झालं. टोक धरून ठेवलं की पोर घरी.

कापड हललं नाही. थांबून राहिलं. ती बाईही कधी घाई करत नसे, कितीही टोचून बोललं तरी.

कात्रीबाईनं एक पाऊल टाकलं.

मग दुसरं. पोरीच्या बाजूनं ती गेली, टोकं हातात घेऊन, आणि कापड तिच्याबरोबर हवेतच दुमडत गेलं. दुमड बरोबर मधोमध पडली. खुर्चीपाशी पोचल्यावर तिनं आपले दोन कोपरे पुढे केले, जसे नेहमी तिच्यापुढे केले जात. बोटांना काहीतरी कोरडं आणि ऊबदार लागलं.

तिनं सोडलं.

लोकांनी डोळे उघडले तेव्हा कापड खुर्चीवर चौपदरी घडी होऊन पडलं होतं आणि वर इस्त्री होती. कात्रीबाई खुर्चीपाशी रिकाम्या हातांनी उभी होती. मुलाच्या आईनं रडत तिचे हात धरले. पाठ सांगणारे गृहस्थ घडीकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. घडी घालायची रीत नाही, पण घातली तर वाईटही नाही, असं काहीतरी ते म्हणाले.

नात उठून आजीच्या गळ्यात पडली. कानाशी म्हणाली, "किती अलगद काढलंत गं तुम्ही दोघींनी. केस पण विस्कटला नाही माझा."

"दोघींनी कोण?"

"तू आणि सासूबाई. नाही का?"

मुलाची आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी बसली होती, सगळा वेळ. कात्रीबाईनं पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्यांच्या घरी कॉलर सरळ करायला शीक आधी."

कापड मुलीकडच्यांनी घरी न्यायचं असतं, म्हणून ते कात्रीबाईला दिलं. ती ते छातीशी धरून गल्लीतून परत आली. दुकानात दाराशी एकच चप्पलजोड होता, तिचा. तिनं कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड उन्हाला द्यायला तिनं कपाटातून काढलं. ते ऊबदार होतं. बंद कपाटात ऊब राहते, तिनं ठरवलं. दुकानातच टेबलावरून पसरलं आणि ऊन लागल्यावर सवयीनं आपली टोकं उचलली. एकटीनं कशी घालायची घडी, असं मनात यायच्या आत पलीकडची टोकं वर आली. दोन हिसके. आणि थांबून राहणं.

"आता माझीच पाळी का रोज," कात्रीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती टेबलाला वळसा घालून गेली, कोपरे दिले, घडी झाली.

नात येत-जात होती, खुशीत होती. कॉलरही आता सरळ पडत होती. आजी एकटी कंटाळत नाहीस ना, असं ती विचारायची. आजी म्हणायची, मला कसला कंटाळा, सकाळची सोबत असते. पोर ते हसण्यावारी न्यायची.

कात्रीबाईच्या एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती तिनं कोणाला सांगितली नाही. पलीकडची टोकं रोज जरा लांब धरली जात होती. आधी टेबलाच्या पलीकडे. मग मशीनपाशी. मग मोडक्या आरशापाशी, जिथं गिऱ्हाईक उभं राहून पाठ बघतं. तिनं टेप लावून कापड मोजलं. होतं तेवढंच होतं, तसूभरही वाढलेलं नव्हतं. तरी सकाळी टोक पुढे असायचं, आणि तिला कालच्यापेक्षा थोडं जास्त चालावं लागायचं. पाय दुखत नव्हते. उलट हलके वाटत होते.

आज तिनं कापड उचललं तेव्हा ऊन पार दारापर्यंत आलं होतं. समोरचा गाळा बंद होता. गल्लीत कोणी नव्हतं. दोन हिसके आले, नेहमीसारखे, एक लहान, एक त्याहून लहान. तिनं मान वर करून बघितलं.

दुसरं टोक उंबऱ्याबाहेर होतं. रस्त्यात, जिथं इस्त्रीवाली नेहमी उभी राहायची तिथं. आणि अजून मागे सरकत होतं, गल्लीच्या टोकाकडे, दमानं.

कात्रीबाईनं कात्री खिळ्याला अडकवली. मशीनवर आवरण घातलं. मग टोकं एका हातात धरून ती खाली वाकली आणि चपला घालू लागली. चपला भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या असत, नीट जोडून. आज त्या दाराकडे तोंड करून होत्या.